फ्रेंच बिस्त्रो-पबमध्ये निवांत जेवायचं असेल तर

फ्रेंच धाटणीच्या छोट्या बिस्त्रोत, म्हणजे घरगुती वळणाच्या खानावळीत, पाऊल टाकलं की मी आधी भिंतीवरचा काळा फळा शोधते. खडूने लिहिलेले पाच-सहा पदार्थ, आणि त्यातला एखादा मध्येच पुसलेला. तो पुसलेला पदार्थ बघून मला बरं वाटतं. सकाळी चढवलेलं भांडं रिकामं झालं, आता उद्या नवं चढेल, एवढाच त्याचा अर्थ. ज्या लहानशा जागी पन्नास पदार्थ रात्री उशिरापर्यंत अगदी बिनदिक्कत मिळतात, तिथे त्यातले बरेचसे फ्रीजरमधून निघत असणार हे गृहीत धरा.

बिस्त्रोचं जेवण जन्माला आलं ते काटकसरीतून. मांसाचे स्वस्त, चिवट तुकडे, कांदे, बटाटे, उरलेला पाव, आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवणं. म्हणून माझा सल्ला सोपा आहे : घरी एका संध्याकाळी जे जमणार नाही, ते मागवा, आणि ते खायला निदान दोन तास हाताशी ठेवा. पुढचं सगळं हे साधावं म्हणूनच लिहिलं आहे.

आधी जागा ओळखा

पॅरिसमध्ये ओव्हेर्न्य प्रांतातून आलेले लोक कोळसा आणि सरपण विकायचे. त्याच दुकानात वाइनचा पेलाही मिळायचा, आणि हळूहळू गरम जेवणही मिळू लागलं. बिस्त्रोची घरगुती ऊब अशा दुकानांतून आलेली आहे. १८१४मध्ये पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक ‘बिस्त्रो, बिस्त्रो’ म्हणजे ‘लवकर, लवकर’ असं ओरडत आणि त्यावरून हे नाव पडलं, ही गोष्ट तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. पण फ्रेंच लिखाणात हा शब्द सापडतो तो १८८०च्या दशकापासून. मधली सुमारे सत्तर वर्षं तो कुठे होता, याचं उत्तर त्या गोष्टीत नाही.

ब्रासरी वेगळी. तो शब्द मुळात बिअर गाळण्याच्या कारखान्याचा. जागा मोठी, मेन्यू लांब, आणि स्वयंपाकघर दिवसभर चालू. पब हे इंग्रजी ‘पब्लिक हाउस’चं लघुरूप, तिथला जीव बारच्या काउंटरमध्ये. पबमध्ये पेयासोबत नुसतं चटरमटर न देता मनापासून स्वयंपाक करायचा, ही कल्पना रुजली ती १९९१मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात सुरू झालेल्या ‘द ईगल’पासून. त्याच सुमारास, १९९२मध्ये, पॅरिसमध्ये ईव्ह कांदबोर्द या शेफने ‘ला रेगालाद’ उघडलं. मोठ्या हॉटेलांत कमावलेलं कसब त्यांनी साध्या बिस्त्रोच्या टेबलावर आणलं. आजच्या बिस्त्रो-पबमध्ये या दोन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात.

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी, की एका छपराखाली दोन वेगवेगळ्या चाली असतात. बारच्या बाजूला लोक येतात, उभ्याउभ्या पितात, मोठ्याने बोलतात. टेबलांच्या बाजूला जेवण सावकाश चालतं. आपल्याला यातलं काय हवंय हे घरून निघतानाच ठरवलं, तर अर्धी निराशा टळते.

फोन करताना

टेबल राखून ठेवा, आणि त्याच फोनवर तीन गोष्टी विचारा. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? (बार मध्यरात्रीपर्यंत चालू असला तरी चूल बऱ्याचदा त्याच्या खूप आधी विझते.) त्या संध्याकाळी गाणी-बजावणी किंवा पडद्यावर सामना आहे का? आणि तुमच्यापैकी कुणाला काही चालत नसेल, तर त्याची सोय होईल का? हे तिसरं टेबलावर बसून सांगण्यापेक्षा आदल्या दिवशी सांगितलेलं केव्हाही चांगलं. स्टॉक, म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून केलेला रस, सकाळीच शिजतो, तो संध्याकाळी बदलता येत नाही.

निवांत बोलायचं असेल तर आठवड्याच्या मधला वार घ्या. दोघं ते चौघं हा बिस्त्रोला मानवणारा आकडा. आठ-दहा जणांचा गोतावळा असेल तर सरळ ब्रासरी गाठा.

दुपारच्या जेवणाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बहुतेक लोक ते विसरतात. फ्रेंच पद्धतीच्या जागी दुपारी ‘फॉर्म्यूल’ असतं : ठरावीक किमतीत स्टार्टर आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड. तेच स्वयंपाकघर, तोच आचारी, आणि रात्रीपेक्षा कमी बिल. नवी जागा पारखायची असेल तर मी पहिल्यांदा दुपारीच जाते.

बसायचं कुठे

पोहोचल्यावर आधी अभिवादन करा. फ्रान्समध्ये दारातून आत येताना ‘बाँझूर’ न म्हणता थेट काही मागणं उद्धटपणाचं मानतात, आणि तिथल्या वळणावर चालणाऱ्या जागांमध्येही हा रिवाज पाळलेला बरा वाटतो.

मग विचारा, ऑर्डर इथे टेबलावर घेतात की बारवर जाऊन द्यायची? पबच्या रीतीत माणूस काउंटरवर जातो, टेबलाचा नंबर सांगतो आणि तिथेच पैसे देतो. बिस्त्रोच्या रीतीत वेटर टेबलाशी येतो आणि बिल शेवटी. दोन्ही रीती चालणाऱ्या जागी लोक वीस-वीस मिनिटं उगाच ताटकळत बसलेले मी पाहिले आहेत. टेबल रिकामं व्हायची वाट बघत बारवर काही घेतलंत, तर ते जेवणाच्या बिलात जोडता येईल का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

एकटे असाल तर काउंटरवर बसा. पॅरिसमध्ये त्याला ‘झँक’ म्हणतात, म्हणजे जस्त, कारण जुने काउंटर जस्ताच्या पत्र्याने मढवलेले असायचे. बारच्या पलीकडचा माणूस आज काय चांगलं जमलंय ते एका वाक्यात सांगतो.

फळा वाचायचा कसा

‘आंत्रे’ म्हणजे फ्रेंचमध्ये जेवणाची सुरुवात, स्टार्टर. अमेरिकेत मात्र हाच शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात. म्हणून मेन्यू कुठल्या वळणाचा आहे हे बघूनच ऑर्डर द्या. ‘प्ला’ म्हणजे मुख्य पदार्थ, ‘देसेर’ म्हणजे गोड. ‘मेन्यू’ हा शब्द फ्रेंच जागी बहुधा ठरावीक किमतीच्या पूर्ण जेवणासाठी असतो, तर एकेक पदार्थ वेगवेगळा निवडणं म्हणजे ‘आ ला कार्त’. आणि ‘प्ला द्यू जूर’ हा आजचा पदार्थ. बाजारात सकाळी काय चांगलं दिसलं, त्यावर तो ठरतो. निदान ठरायला हवा. ‘आज हाच का केला?’ असं वेटरला विचारा. उत्तर चटकन आणि आनंदाने आलं, तर दुसरं काही न बघता तो मागवा.

आता पदार्थांकडे. सुरुवात कांद्याच्या सूपने करा असं मी नेहमी सांगते, कारण कुठल्याही बिस्त्रोची परीक्षा त्या एका वाडग्यात होते. भरपूर कांदा लोण्यात मंद आचेवर जवळजवळ तासभर परतावा लागतो. आधी त्याचं पाणी सुटतं, मग आटतं, मग कांद्यातली साखर हळूहळू तपकिरी होत जाते आणि तिचा गोडवा खोल होतो. आच वाढवून घाई केली तर कडा करपतात आणि आत कच्चट गोडी राहते. त्यावर स्टॉक, वर भाजलेल्या पावाचा तुकडा, त्यावर ग्रुयेर किंवा कोंते चीज, आणि वरून आच देऊन फुगलेली सोनेरी साय. वाडगा समोर आला की दोन-तीन मिनिटं थांबा. मग चमच्याने कडेला भोक पाडून वाफ जाऊ द्या, कारण त्या चिजाच्या झाकणाखाली रस्सा कमालीचा गरम राहतो. कांदा जिभेवर विरघळला आणि रस्सा नुसता खारट न लागता खोलवर गोडसर लागला, तर मुख्य पदार्थाची चिंता सोडा.

दोघांत एकच सूप घ्या. ते पोटभरीचं असतं, आणि पुढे जागा लागणार आहे.

मुख्य पदार्थांत माझी पहिली पसंती बदकाच्या तंगडीच्या ‘कॉन्फी’ला. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये मांस टिकवण्यासाठी ही रीत निघाली. तंगडी मिठात मुरवायची, मग बदकाच्याच चरबीत अगदी मंद आचेवर काही तास शिजवायची, आणि त्याच चरबीत बुडवून साठवायची. वाढताना फक्त कातडी कुरकुरीत करतात. काट्याने नुसतं टेकवलं की मांस हाडावरून सुटायला हवं. सुरी चालवावी लागली तर वेळ कमी दिला आहे. ‘बफ बूर्गिन्यों’ म्हणजे बर्गंडीच्या लाल वाइनमध्ये शिजवलेलं गोमांस, तेही याच जातीचं. चिवट तुकड्यांतले स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू तासन्‌तास शिजून जिलेटिनमध्ये बदलतात, आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. हा चिकटपणाच त्याची खूण. घट्टपणा मैद्याने आणला असेल तर जिभेला तो लगेच कळतो.

स्टेक-फ्राइज मागवलंत तर शिजण्याची पायरी सांगावी लागते. ‘ब्ल’ म्हणजे बाहेरून जेमतेम शेकलेलं, ‘सेन्याँ’ आत लाल, ‘आ प्वँ’ मध्यम, ‘ब्यँ क्वी’ पूर्ण शिजलेलं. लक्षात ठेवा, फ्रेंच हाताचं ‘मध्यम’ इतर ठिकाणच्या मध्यमपेक्षा कच्चं असतं. लाल रंग बघवत नसेल तर न संकोचता एक पायरी पुढचं मागा.

काही शब्दांपाशी थांबून विचारणं बरं. ‘टार्टार’ म्हणजे कच्चं, बारीक चिरलेलं गोमांस, वर बहुधा कच्चा बलक. ‘आंदुयेत’ हे आतड्यांचं सॉसेज, वास अतिशय उग्र. ज्यांना ते आवडतं त्यांना जिवापाड आवडतं, पण अजाणता मागवायची ती गोष्ट नाही.

शिंपले आले तर एक रिकामा जोडशिंपला चिमट्यासारखा धरा आणि त्यानेच बाकीचे उचला. खालचा रस्सा पावाने टिपून घ्या, खरी चव तिथेच उतरलेली असते.

शाकाहारी असाल तर

माझ्या एका शाकाहारी मैत्रिणीने कांद्याचं सूप अर्धं संपवल्यावर सहज विचारलं, की याला इतकी चव कशी? वेटरने अभिमानाने सांगितलं, की गोमांसाची हाडं रात्रभर उकळून स्टॉक करतो. ती त्या रात्री पुढे काही खाऊ शकली नाही. चूक कुणाचीच नव्हती, नाव कांद्याचंच होतं. तेव्हापासून मी तिच्यासाठी ही विचारपूस आधी करते.

स्टॉक कशाचा? फ्राइज कशात तळता? (काही ठिकाणी त्या गोवंशाच्या चरबीत तळतात.) सॅलडमध्ये ‘लार्दों’ आहेत का, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे? ‘कीश लोरेन’ नावाच्या पायमध्येही ते असतात. नीस शहराच्या नावाच्या सॅलडमध्ये अँचोव्ही मासे असतात, बऱ्याचदा ट्यूनाही. काही थंड गोड पदार्थ जिलेटिन घालून जमवतात. आणि चीज : अस्सल ग्रुयेर, कोंते किंवा रोकफोर प्राण्याच्या रेनेटनेच (तान्ह्या जनावराच्या जठरातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) घट्ट करतात, तसा त्यांचा नियमच आहे. ज्यांना हे चालत नाही त्यांनी चीज कुठलं ते नावानिशी विचारावं.

तरी उपाशी राहायची पाळी येत नाही. लीक नावाच्या कांद्याच्या भाऊबंदाला उकडून मोहरीच्या ड्रेसिंगमध्ये घोळवतात, वांगी-झुकिनी-टोमॅटोची ‘रातातूय’ असते, मलईत शिजवलेल्या बटाट्यांची ‘ग्रातँ दोफिन्वा’ असते. यातले दोन-तीन पदार्थ मिळून उत्तम जेवण होतं. नुसतं हिरवं सॅलड खाऊन समाधान मानू नका.

पेयं

इथे पबची बाजू कामाला येते. वाइनच हवी असा हट्ट धरण्याचं कारण नाही. मंद शिजवलेल्या मांसाबरोबर गडद एल (बिअरचाच एक प्रकार) छान जमते, शिंपल्यांबरोबर कोरडी सायडर किंवा हलकी गव्हाची बिअर. नॉर्मंडी आणि ब्रिटनी या फ्रान्सच्या भागांत सफरचंदाची सायडरच पिढ्यान्‌पिढ्या जेवणासोबत घेतात. ‘ब्र्यूत’ म्हणजे कोरडी, ‘दू’ म्हणजे गोड.

मापं नीट बघा. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीलिटरचा, अमेरिकन ४७३चा, आणि फ्रान्समध्ये ‘दमी’ म्हटलं की २५० मिलीलिटर येते. जेवणाआधी पूर्ण पाइंट रिचवला तर भूक मरते, म्हणून मी अर्ध्यावरच थांबते. नळाची बिअर असेल तर घोटभर चाखायला मागा, चांगल्या बारमध्ये त्याला नाही म्हणत नाहीत. पिंपातून हातपंपाने काढलेली एल बर्फगार नसते. तिचं योग्य तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस असतं, ती कोमट वाटली म्हणून परत करू नका.

वाइनमध्ये बाटलीच्या आधी ‘कराफ’ किंवा ‘पिशे’ बघा. २५ किंवा ५० सेंटिलिटरचं हे भांडं घरच्या ठरलेल्या वाइनचं असतं, आणि ती वाइन चांगली ठेवणं ही मालकाच्या इभ्रतीची बाब असते. जोड्या लावायच्या तर बर्गंडीच्या रश्श्याला बर्गंडीची लाल, कॉन्फीला काओर, शिंपल्यांना म्युस्कादे, बकरीच्या चिजाला सांसेर. जेवणाआधी काही हलकं हवं असेल तर ‘कीर’ घ्या, म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये काळ्या करंटचं लिक्युअर. १९४५ ते १९६८ दिजों शहराचे महापौर असलेल्या फेलिक्स कीर यांच्यावरून ते नाव पडलं.

न पिणाऱ्यांनी साध्या सोड्यावर भागवू नये. ‘सित्रों प्रेसे’ मागा. ताज्या लिंबाचा रस, पाणी आणि साखर वेगवेगळं येतं, मिसळायचं आपल्या हाताने. पुदिन्याचं सरबत आणि लिंबाचा सोडा मिळून ‘दियाबोलो माँत’ होतं, तेही छान. आणि पिणाऱ्यांपैकी कुणीही घरी जाताना गाडी चालवायची नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवा.

टेबलावर

पाव बशीत नाही आला तर टेबलावरच ठेवायचा, तशीच रीत आहे. तो स्टार्टरआधी संपवू नका, रश्श्यासाठी राखा. घटकाभर थांबायचं असेल तर काटा-सुरी उलट्या ‘व्ही’सारखी ठेवा, संपलं असेल तर शेजारी-शेजारी समांतर. पदार्थ थंड आला किंवा मागितला त्यापेक्षा जास्त शिजला, तर दोन घासांतच शांतपणे सांगा. अर्धं ताट संपल्यावर केलेल्या तक्रारीवर स्वयंपाकघर फारसं काही करू शकत नाही.

गोड, चीज आणि कॉफी

फ्रेंच क्रमात चीज गोडाच्या आधी येतं. सौम्य चिजापासून सुरुवात करून उग्र चिजाकडे जा, नाहीतर रोकफोरनंतर काहीच चवीला लागत नाही. ते फ्रीजमधून थेट आलं असेल तर थोडा वेळ ताटात तसंच राहू द्या.

गोडाचं एक गणित पाळा : सुफ्ले किंवा गरम ‘तार्त तातँ’ हवी असेल तर मुख्य पदार्थांबरोबरच सांगून ठेवा, त्यांना वेळ लागतो. तार्त तातँ म्हणजे लोणी-साखरेत कॅरमल झालेली सफरचंदं, वर कणकेचं आवरण, आणि भाजून झाल्यावर तव्यासकट उलटी केलेली. सफरचंदाच्या फोडी गडद अंबर रंगाच्या दिसायला हव्यात. फिकट आली तर कॅरमल होऊ दिलं नाही. ‘क्रेम ब्रूले’त वरची साखर तडकन फुटावी आणि खालचं कस्टर्ड गार असावं. दोन्ही कोमट असेल तर ते बराच वेळ तयार होऊन पडलं आहे.

कॉफी गोडाबरोबर येत नाही, नंतर येते. दोन्ही एकत्र हवं असेल तर ‘काफे गुर्मां’ मागवा : एस्प्रेसोभोवती दोन-तीन गोडाचे छोटे नमुने. एकट्याला हे अगदी पुरेसं.

बिल मागितल्याशिवाय येणार नाही. त्याला दुर्लक्ष समजू नका, तुम्हाला उठवणं तिथे असभ्य मानतात. फ्रान्समध्ये १५ टक्के सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, वर ठेवलेली सुटी नाणी ऐच्छिक. इतर देशांत बिलावर सेवाशुल्काची वेगळी ओळ आहे का ते वाचा, म्हणजे एकाच सेवेची टिप दोनदा जाणार नाही. बिल वाटून घ्यायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

जागा आवडली तर पंधरवड्याच्या आत परत जा, आणि शक्य झालं तर त्याच वेटरच्या वाट्याचं टेबल मागा. दुसऱ्या खेपेला तो फळ्यावर न लिहिलेल्या पदार्थांबद्दलही बोलू लागतो.